जुन्या थडग्याच्या दगडावर नवे नाव कोरून घेताना

आईच्या दफनानंतर काही महिन्यांनी, साताऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत वडिलांच्या थडग्यावर जो संगमरवरी दगड आहे त्यावर तिचे नाव कोरून घेण्याचे काम माझ्याकडे आले. दगड १९८६ सालचा आहे आणि तो करवून घेताना आईनेच खालचा अर्धा भाग कोरा ठेवायला सांगितले होते. जागा होती, पैसे बाजूला काढलेले होते, तरीही या कामाला चार महिने लागले, कारण आधी काय करायचे आणि नंतर काय, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. ग्रॅनाइटच्या दुकानात नवी पाटी दोन दिवसांत तयार मिळते. परंतु आधीपासून उभ्या असलेल्या दगडावर चार ओळी वाढवणे हे निराळे काम आहे. नवी पाटी चुकली तर दुसरी करता येते, जुन्या दगडावरची चूक मात्र आधीच्या माणसाच्या नावाखाली कायमची राहते. म्हणून सगळे निर्णय कागदावर पूर्ण व्हावेत आणि टाकीचा पहिला घाव सर्वांत शेवटी पडावा, या क्रमाने पुढचे सारे लिहिले आहे. उदाहरणे ख्रिस्ती दफनभूमीतील असली, तरी लिंगायत समाधीच्या दगडालाही दगडाचे आणि अक्षराचे हेच नियम लागू पडतात. फक्त परवानगी देणारे पंच वेगळे असतात.

पहिला प्रश्न वेळेचा. तीच कबर उघडून दुसरे दफन झाले असेल, किंवा अगदी लागून नवी कबर खणली असेल, तर तिथली माती पहिल्या पावसाळ्यात खाली बसते आणि तिच्याबरोबर चौथरा आणि दगडही थोडा कलतो. यासाठी एक पावसाळा जाऊ द्यावा, नंतर ओळंबा लावून दगड सरळ आहे की नाही ते पाहावे आणि कलला असेल तर गवंड्याकडून आधी तो नीट बसवून घ्यावा. पावसाळ्यात संगमरवर पाणी शोषून घेतो आणि वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. अशा दगडावर भरलेला रंग टिकत नाही. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला सर्वांत चांगला. ईस्टरच्या पहाटे कुटुंब थडग्यापाशी जमणार असेल आणि त्याआधी दगड तयार हवा असेल, तर ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो हे लक्षात घेऊन कागदावरचे काम डिसेंबरातच हाती घ्यावे.

दगड ओळखणे

आपला दगड कोणता आहे हे नक्की माहीत असल्याशिवाय कोणत्याही कारागिराशी बोलू नये, कारण हत्यार, खोली, रंग आणि साफसफाई या सगळ्या गोष्टी त्यावर ठरतात. आपल्या भागातील दफनभूमींत पांढरा संगमरवर, काळा ग्रॅनाइट, आपला स्थानिक काळा पाषाण आणि क्वचित शहाबादी किंवा कडप्पा असे दगड दिसतात. शंका असेल तर दगडाच्या मागच्या बाजूस, अगदी तळाशी, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. संगमरवर, शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुन्याचे दगड असल्यामुळे थेंबाला बारीक बुडबुडे येतात. ग्रॅनाइट आणि काळा पाषाण यांना येत नाहीत. थेंब लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली, तर चुन्याच्या दगडावर फरशी साफ करण्याचे ॲसिड का चालत नाही तेही कळते: ॲसिड डाग काढत नाही, दगडच काढते.

कठीणपणाचा फरकही मोठा आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० आकड्यांत सांगणाऱ्या मोहसच्या मापात संगमरवर सुमारे ३ आहे, तर ग्रॅनाइटमधील खनिजे ६ ते ७ आहेत. त्यामुळे संगमरवरावर पोलादी टाकी सहज चालते, परंतु ग्रॅनाइटला कार्बाइडच्या टोकाची टाकी किंवा वाळूच्या झोताचे यंत्र, म्हणजे सँडब्लास्टिंग, लागते. काळा पाषाण म्हणजे आपल्या जात्याचा आणि पाट्याचा दगड. तो कठीण तर असतोच, शिवाय त्यात बारीक छिद्रे असतील तर नाजूक मात्रेची कड छिद्रापाशी तुटते. अशा दगडावर अक्षर मोठे आणि जाड ठेवणे एवढाच उपाय आहे.

जुन्या संगमरवराच्या आणखी दोन चाचण्या घरच्या घरी करता येतात. कोऱ्या भागावर बोट घासल्यावर बोटाला साखरेसारखे कण लागले, तर वरचा थर उन्हापावसाने सुटलेला आहे आणि तिथे बारीक अक्षर धरणार नाही. दुसरी चाचणी आवाजाची. अनेक थडग्यांवर अखंड शिळा नसते. विटांच्या चौथऱ्यावर सिमेंटने चिकटवलेली पाऊण इंचाची पाटी असते. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करून पाहावे. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर त्या जागी मागचे सिमेंट सुटलेले आहे आणि हातोड्याच्या घावाने पाटी तिथेच तडकेल. आमच्या दगडाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर जागा अशी पोकळ निघाली. कारागिराने कडेच्या फटीतून पातळ सिमेंट भरले, आठ दिवस जाऊ दिले आणि पुन्हा टकटक करून पाहिल्यावरच कामाला होकार दिला.

परवानगी

दफनभूमी मंडळीची, म्हणजे चर्चची, असेल तर तिच्या समितीकडे आणि पालिकेची असेल तर पालिकेच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. अर्जासोबत मृत्यू प्रमाणपत्राची प्रत, जागेची जुनी पावती, कोरायच्या मजकुराचा कागद आणि कारागीर कोणत्या दिवशी येणार याची नोंद द्यावी. दारावरच्या माणसाने कारागिराला परत पाठवण्याचे प्रसंग याच कागदाअभावी घडतात. भावंडांची संमती लेखी घ्यावी, मग घरात कितीही एकमत असो. ब्रिटिश काळातील जुन्या थडग्याशी आपले नाते असले, तरी त्या दगडावर नवे काही कोरू नये. पायथ्याशी स्वतंत्र लहान पाटी बसवण्याची परवानगी मागावी.

मजकूर

तारीख आठवणीतून लिहू नये. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मिळालेल्या प्रमाणपत्रावर जी तारीख आहे तीच दगडावर घ्यावी. मध्यरात्रीच्या आसपास मृत्यू झाला असेल तर घरातील लोक आदला दिवस सांगतात आणि कागदावर पुढचा दिवस असतो; हा फरक आधीच मिटवलेला बरा. जन्मतारखेसाठी बाप्तिस्म्याची नोंदवही आणि शाळेचा दाखला दोन्ही पाहावेत. त्या दोन्हींत फरक निघाला आणि तो सुटला नाही, तर केवळ वर्ष कोरावे, कारण वर्ष सहसा निर्विवाद असते.

नावाचे कोणते रूप घ्यायचे, लोक ज्या नावाने हाक मारत ते घालायचे की नाही, हे कुटुंबाने ठरवावे. माझे मत असे की दफनभूमीत येणारा माणूस ज्या नावाने शोधणार आहे ते नाव दगडावर असले पाहिजे. शास्त्रवचन घ्यायचे असेल तर ते आठवणीतून न लिहिता छापील प्रतीतून उतरवून घ्यावे, कारण जुन्या आणि नव्या मराठी भाषांतरांतील शब्द वेगळे आहेत. जागा कमी असेल तर वचन दाटीने कोंबण्यापेक्षा ‘स्तोत्र २३:१’ एवढा संदर्भ पुरेसा होतो.

शुद्धलेखनाचा प्रश्न जुन्या दगडांवर हमखास येतो. मराठीच्या लेखनाचे आजचे नियम १९६२ पासूनचे आहेत आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या दगडांवर ‘नांव’, ‘येथें’ असे अनुस्वार दिसतात आणि शेवटचा उकार ऱ्हस्वही असतो. जुन्या ओळी जशा आहेत तशाच ठेवाव्यात, कारण त्या त्या काळाच्या नियमाने बरोबर आहेत. नव्या ओळी मात्र आजच्या नियमाने लिहाव्यात. वडिलांच्या ओळीत जुन्या सवयीने ‘मृत्यु’ कोरलेले होते आणि दोन्ही ओळी सारख्या दिसाव्यात असे आमच्या काकांचे म्हणणे होते. परंतु आईने आयुष्यभर मराठी शिकवले. तिच्या ओळीत तो शब्द ऱ्हस्व लिहिणे कोणाच्याच मनाला येईना, म्हणून तिथे ‘मृत्यू’ आहे.

अक्षर

या कामाचा खरा कस इथे लागतो. नवे अक्षर जुन्या अक्षराच्या हातचे वाटले पाहिजे आणि त्यासाठी जुने अक्षर आधी मोजले पाहिजे. साधा पातळ कागद दगडावर चिकटपट्टीने ताणून लावावा आणि मेणाच्या खडूची कांडी आडवी धरून हलक्या हाताने घासावी. खोदलेला भाग पांढरा राहतो आणि बाकीचा रंगतो, असा अक्षरांचा मूळ मापाचा ठसा मिळतो. मोबाइलचा फोटो याची जागा घेऊ शकत नाही, कारण फोटोत माप तिरके होते. मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला फोटो खोली समजण्यासाठी जवळ असावा. पाच मापे लिहून घ्यावीत, पहिली चार ठशावरून आणि शेवटचे दगडावरूनच: शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची, रेघेची जाडी, दोन शब्दांमधील अंतर, दोन शिरोरेषांमधील अंतर आणि खाचेची खोली. दगडाच्या कामात ही मापे इंच आणि सूत यांत बोलली जातात. एका इंचाचे आठ सूत होतात. हाताने कोरलेली खाच बहुधा इंग्रजी व्ही अक्षरासारखी उतरती असते आणि दोन्ही उतारांमध्ये काटकोन असेल तर रेघेच्या रुंदीच्या निम्मी खोली येते, म्हणजे दोन सूत रुंद रेघ एक सूत खोल जाते. वाळूच्या झोताने काढलेल्या खाचेचा तळ मात्र सपाट असतो. जुन्या व्ही-खाचेच्या खाली सपाट खाच आली, तर रंग तोच असूनही उन्हात दोन्हींची सावली वेगळी पडते आणि नवी ओळ उपरी वाटते.

देवनागरीला जागा किती लागते याचा अंदाज नवख्या माणसाचा हमखास चुकतो. ‘मृत्यू’ या एका शब्दात ऋकार आणि ऊकार दोन्ही खाली लोंबतात. ‘प्रभूमध्ये’ या शब्दात खाली ऊकार आणि वर मात्रा आहे. अक्षराची उंची एक इंच धरली, तर वरच्या आणि खालच्या चिन्हांसह ओळ पावणेदोन इंचांपर्यंत जाते, आणि तेवढी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. आधी ओळींची संख्या ठरवून मग अक्षर लहान करत जाण्यापेक्षा, अक्षर जुन्या मापाचे ठेवून मजकूर कमी करावा.

दुकानात संगणकावरून स्टेन्सिल काढतात तेव्हा आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. पुष्कळ फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा असे महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ठरवून दिले आहे आणि जुन्या दगडांवरही तीच वळणे असतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर दुकानातील जुन्या कोरलड्रॉ या आरेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडला की जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. अंकांतही ‘५’, ‘८’ आणि ‘९’ यांची वळणे पाहून घ्यावीत.

आमच्या मजकुरात ‘साताऱ्यात शिक्षिका’ अशी ओळ होती. पूर्ण मापाचा कागद दगडावर मास्किंग टेपने लावला आणि आत्याला वाचायला बोलावले. ती चष्मा लावून, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत, शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने वाचत गेली आणि एका शब्दापाशी थांबली. “अरे, हे साता-र्‌-यात झालंय,” ती म्हणाली. कागदावर ‘ऱ्य’ ऐवजी ‘य’ वर रफार आला होता. तो कागद मी तीनदा, माझ्या बहिणीने दोनदा आणि दुकानदाराने किती वेळा कोण जाणे पाहिला होता. सगळ्यांचे डोळे शब्द ओळखून पुढे गेले होते, अक्षर कोणीच वाचले नव्हते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की मजकूर ज्याने लिहिला त्याने तपासू नये, ज्याने पूर्वी पाहिलेला नाही अशा माणसाने बोट ठेवून तपासावा, आणि तेही टेबलावर नव्हे तर दगडावर लावलेल्या कागदावर. कागद तिथे लागला की चार पावले मागे जाऊन लोक जिथे उभे राहतात तिथून पाहावे. ओळ मध्यावर आहे की नाही हे जवळून कळत नाही.

कारागीर

नव्या पाट्या करणारा प्रत्येक जण जुन्या उभ्या दगडावर काम करू शकतो असे नाही. जुन्या दगडावर वाढवलेली अक्षरे त्याने कुठे केली असतील तर ती जाऊन पाहावीत. भांड्यांवर नावे घालणाऱ्या यंत्राने दगडावर लिहून देतो असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. त्या यंत्राचा ओरखडा दोन पावसाळ्यांत दिसेनासा होतो. दगड काढून दुकानात नेण्याचा सल्ला मिळाला तरी संगमरवराच्या बाबतीत तो शक्यतो टाळावा, कारण सिमेंटमध्ये बसलेली जुनी पाटी उचकटताना तडकण्याची भीती कोरण्याच्या धोक्यापेक्षा मोठी असते. दर सहसा अक्षरामागे असतो. जोडाक्षर एक धरायचे की दोन, मात्रा आणि अंक कसे मोजायचे, रंग भरणे त्यात येते की नाही आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे आधी बोलून कागदावर लिहून घ्यावे. त्याच जातीच्या दगडाच्या तुकड्यावर एक शब्द कोरून दाखवायला सांगावे आणि तो जुन्या अक्षराशेजारी धरून पाहावा. त्यासाठी जोडाक्षर असलेला शब्दच निवडावा.

कोरण्याचा दिवस

आदल्या दिवशी दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन कोरडा होऊ द्यावा. कारागिराने शिरोरेषेच्या ओळी आखताना लेव्हल लावावी, परंतु जुनी ओळच किंचित तिरपी असेल तर नवी ओळ जुनीला समांतर धरावी, कारण पाहणाऱ्याची नजर लेव्हलकडे जात नाही, शेजारच्या ओळीकडे जाते. उभ्या शिळेला मागून लाकडी टेकू आणि वाळूच्या पिशव्यांचा आधार द्यावा. जुनी अक्षरे जाड कागदाने किंवा रबराच्या पत्र्याने झाकावीत आणि शेजारच्या थडग्यांवर ओले पोते टाकावे. आपण स्वतः तिथे हजर राहावे.

सँडब्लास्टिंग होणार असेल तर नदीची वाळू वापरू देऊ नये. तिच्या आणि ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात बसते आणि त्यातून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे वापरावेत आणि कारागिराला चांगला मास्क असावा; नसेल तर आपण विकत आणून द्यावा. आमचे पाथरवट काका रुमाल बांधून बसले होते. “काका, आधी हा लावा, मग टाकी धरा,” असे बहिणीने सांगितले, तेव्हा त्यांनी तो निमूटपणे लावला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही.

त्यांचे काम पाहण्यासारखे होते. प्रत्येक रेघेच्या मधोमध ते आधी एक बारीक चर पाडत आणि मग दोन्ही बाजूंनी टाकी तिरपी धरून त्या चरापर्यंत उतार देत. शिरोरेषा त्यांनी सर्वांत शेवटी घेतली. अक्षरांचे उभे दांडे आधी झाले की शिरोरेषा त्यांना एका दमात जोडता येते, उलट केले तर प्रत्येक जोडापाशी कोपरा निसटतो, असे ते म्हणाले. मधूनमधून तोंडाने फुंकर न मारता ते लहान ब्रशने भुकटी झाडत आणि ओल्या बोटाने खाच तपासत.

टाकी निसटून कड उडाली तर तिथेच थांबावे. संगमरवरावरची उथळ चूक घासून काढता येते, परंतु तिथे खळगा राहतो आणि त्यात पाणी साठते; लहान टवका असेल तर संगमरवराची भुकटी आणि रेझिन यांच्या लुकणाने तो भरलेला बरा. ही दुरुस्ती कोणी करायची हेही आधीच्या कागदात असावे.

रंग

कोरलेले अक्षर रंगाशिवाय ठेवता येते, आणि खोल व्ही-खाच असेल तर मला तेच अधिक शोभते. सांगली-मिरजेच्या सखल भागातील दफनभूमींसाठी तर हाच सल्ला देईन, कारण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ सारख्या महापुरात कृष्णेचा गाळ अक्षरांत बसतो आणि तो धुताना भरलेला रंग पापुद्र्यांनी निघतो. रंग भरायचाच असेल तर संगमरवरावर काळा ऑइल पेंट थेट लावू नये. त्यातील तेल दगडात झिरपते आणि अक्षराभोवती पिवळसर कड उमटते. आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडालाखेचा एक पातळ हात खाचेतच द्यावा आणि तो सुकल्यावर रंग भरावा. सोनेरी रंगाची पूड पितळेची असते आणि उघड्यावर ती काळवंडते. सोनेरीच हवे असेल तर खर्च जास्त असला तरी सोन्याचा वर्ख लावून घ्यावा.

काही जुन्या संगमरवरी दगडांवर अक्षरांत शिसे ठोकून बसवलेले असते. ते रंगासारखे काळपट दिसते, परंतु नखाने दाबल्यास धातू असल्याचे कळते. त्याच्या शेजारी काळा रंग भरला तर पहिली एकदोन वर्षे फरक दिसत नाही, नंतर रंग उडतो आणि शिसे तसेच राहते. अशा दगडासाठी शिशाचे काम जाणणारा कारागीर मिळेपर्यंत थांबावे, किंवा नव्या ओळी बिनरंगी ठेवाव्यात.

नवी खाच जुन्या खाचेपेक्षा बरीच पांढरी दिसते आणि पहिल्या दिवशी ते डोळ्यांना खुपते. चहाचे पाणी, तेल किंवा काजळी लावून ती जुनी दाखवण्याचा प्रयत्न करू नये; असे डाग अक्षरापुरते राहत नाहीत, दगडभर पसरतात. काही पावसाळ्यांनी तो रंग आपोआप जुळतो. जुन्या अक्षरांचा रंग उडालेला असेल तर मात्र त्याच दिवशी, त्याच डब्यातून, दोन्ही नावांत रंग भरून घ्यावा.

पुढची देखभाल थोडीच आहे. दर पावसाळ्यानंतर शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढावे. तारेचा ब्रश, कपड्यांची पावडर आणि ॲसिड वापरू नये. मेणबत्ती दगडाच्या कडेवर न लावता समोर जमिनीवर लावावी, कारण मेण संगमरवरात मुरते आणि त्याचा तेलकट डाग निघत नाही. अक्षरांचा ठसा, पूर्ण मापाचा कागद, फाँटचे नाव, खोलीचे माप आणि रंगाच्या डब्यावरचा क्रमांक हे सगळे एका प्लास्टिकच्या नळकांडीत गुंडाळून घरी ठेवावे. आमच्या दगडावर आईच्या नावाखाली अजून सहा इंच जागा कोरी आहे, आणि ती नळकांडी बहिणीच्या कपाटात आहे.